शिवराई : नाणे एक, ठसे अनेक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रात्यक्षिकाचा तास संपला, मुले निघून गेली, पण पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी मागे थांबला. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातला हा मुलगा. त्याने पिशवीतून पितळेची डबी काढली आणि टेबलावर उपडी केली. तांब्याची २७ नाणी बाहेर पडली. काही काळी, काही हिरवट, काही तपकिरी. कडा ओबडधोबड आणि एकही नाणे धड गोल नाही.

“सर, आजीच्या ट्रंकेत सापडली,” तो म्हणाला. “घरात वाटण्या चालू आहेत. जुनी भांडी आणि ही नाणी मोडीत द्यायचे ठरले आहे. चुलते म्हणतात, सगळी एकसारखीच आहेत, आठवण म्हणून एक ठेव. खरेच एकसारखी आहेत का, एवढे सांगाल का?”

मी पदार्थविज्ञान शिकवतो, इतिहास नव्हे. पण दोन वस्तू एकसारख्या आहेत की नाहीत, हा प्रश्न मापनाचा आहे. भिंग, तराजू, दिवा आणि धीर एवढी साधने असली की शाळकरी मुलालाही त्याचे उत्तर शोधता येते. आम्ही दोघांनी ते कसे शोधले, हेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

हे नाणे कोणते?

आधी आम्ही नाणी वाचून पाहिली. चार नाण्यांवर फारसी अक्षरे होती. १४९० च्या सुमारास नगर शहर वसले तेव्हापासून निजामशाही, मग मोगल, पुढे १७५९ पासून पेशवे आणि शेवटी इंग्रज अशा अनेक सत्ता या जिल्ह्याने पाहिल्या. त्यामुळे एकाच डबीत दोन लिप्यांची नाणी निघावीत यात नवल नाही. ती चार आम्ही बाजूला ठेवली. दोन नाणी पार गुळगुळीत झाली होती. उरलेल्या २१ नाण्यांवर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र / पति’ अशी देवनागरी अक्षरे होती. म्हणजे ती शिवराई होती.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या नावाने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नाण्यावर ‘शिव’ हे नाव आहे, म्हणून ते नाणे महाराजांच्या हयातीतच पाडलेले आहे, असे ठरत नाही. लोकांचा या नाण्यावर इतका विश्वास बसला की पुढच्या काळातही तीच अक्षरे असलेली शिवराई निघत राहिली. पेशवाईत तांब्याची नाणी पाडण्याचे परवाने निरनिराळ्या गावांतल्या खासगी लोकांना दिले जात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातील चलन आणि टांकसाळी यांवर निबंध लिहिला, त्यात अशा परवान्यांची माहिती आहे. १८१८ साली पेशवाई संपली, तरी शिवराई थांबली नाही. इंग्रजी अमलातही ती पाडली गेली, आणि बाजारात तर ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालत होती.

म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे, अनेक गावी, अनेक हातांनी हे एकच नाणे पाडले. सगळ्या शिवराया एकसारख्या कशा असतील? त्यांचे प्रकार वेगळे काढणे, हा अभ्यासकांचा आणि संग्राहकांचा मोठा आवडीचा विषय आहे. पण प्रकार ओळखण्यापूर्वी नाणे कसे पाडत, हे समजून घ्यायला हवे.

नाणे पाडण्याची रीत

आजची नाणी यंत्राने पाडतात. शिवराई हाताने पाडत. दोन ठसे असत. खालचा ठसा घट्ट बसवलेला, वरचा हातात धरलेला. खालच्या ठशावर तांब्याची कोरी चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. दोन्ही बाजूंची अक्षरे एकाच घावात उमटत.

या साध्या क्रियेतून काय काय निष्पन्न होते पाहा.

पहिली गोष्ट, ठशावर अक्षरे उलटी आणि खोल कोरावी लागतात. तेव्हा ती नाण्यावर सुलटी आणि उठावदार येतात. ठसा हाताने कोरलेला असल्यामुळे कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे होत नाहीत. तुम्ही एकाच कागदावर दहा वेळा सही करून पाहा. दहाही सह्या तुमच्याच असतील, पण एकावर एक ठेवल्या तर जुळणार नाहीत.

दुसरी गोष्ट, घाव खाऊन ठसे झिजत आणि तडकत. मग नवा ठसा कोरावा लागे. म्हणून एकाच गावच्या एकाच वर्षाच्या नाण्यांतही अनेक ठशांची नाणी असू शकतात.

तिसरी गोष्ट, ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर ठशाचा एक भागच उमटतो. कुठे ‘श्री’ अर्धी कापलेली, कुठे ‘शिव’मधला ‘व’ कडेबाहेर गेलेला. पूर्ण ठसा कसा होता हे जाणण्यासाठी एकाच ठशाची तीन-चार नाणी मिळवून त्यांचे तुकडे जुळवावे लागतात. डबीतली बाकीची नाणी मोडीत घालून एकच ठेवले, तर नेमकी ही जुळणी कायमची बुडते. त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले.

फरक तीन प्रकारचे

आता दोन शिवराया शेजारी ठेवा. त्यांत फरक दिसतात. पण प्रत्येक फरक म्हणजे नवा प्रकार नव्हे. फरक तीन कारणांनी पडतात.

१. ठशातला फरक : अक्षरांचे वळण, ठिपके, रेषा, चिन्हे.

२. पाडतानाचा फरक : घाव एका बाजूस बसणे, कमी जोराने बसणे, हातोडा उसळून अक्षरे दुहेरी उमटणे.

३. नंतरचा फरक : झीज, ओरखडे, गंज, आणि आपण केलेली घासाघीस.

नाण्याचा प्रकार ठरतो तो फक्त पहिल्या फरकावरून. नवखा संग्राहक दुसऱ्या आणि तिसऱ्या फरकाला भुलतो. अक्षर दुहेरी उमटलेले नाणे त्याला दुर्मिळ प्रकार वाटते. खरे तर तो एका घावाचा अपघात असतो.

हे तीन फरक वेगळे करण्यासाठी दोन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी : रेषा उठावाची आहे की खोलगट? ठसा तडकला, की घावाच्या वेळी तांबे त्या तड्यात शिरते आणि नाण्यावर बारीक उठावाची रेषा येते. ही रेषा ठशाची. उलट नाणे खिशात, गल्ल्यात, दगडावर घासले की त्यावर खोल ओरखडा पडतो. हा नाण्याच्या पुढच्या आयुष्यातला. नखाने न खरवडता, भिंगातून आणि तिरप्या उजेडात पाहिले की दोहोंतला भेद कळतो.

दुसरी कसोटी : तीच खूण दुसऱ्या नाण्यावर, अक्षराच्या त्याच भागाजवळ दिसते का? दिसली तर ती ठशाची. अपघात दोन नाण्यांवर एकाच जागी एकाच आकाराचा होत नाही.

तड्याचा आणखी एक उपयोग आहे. एकाच ठशाची तीन नाणी घ्या. एकावर तडा नाही, दुसऱ्यावर छोटा तडा, तिसऱ्यावर मोठा. तडा वाढतो, तो आपोआप बुजत नाही. म्हणून या तीन नाण्यांचा पाडण्याचा क्रम, कोणत्याही नाण्यावर साल लिहिलेले नसताना, आपल्याला सांगता येतो.

उजेड कसा धरावा?

झिजलेले नाणे भर दुपारी अंगणात पाहिले तर काहीच वाचता येत नाही. तेच नाणे रात्री एका बाजूने धरलेल्या दिव्यात वाचता येते. याचे गणित सोपे आहे.

समजा, अक्षराची उंची ०.३ मिलिमीटर आहे. प्रकाश पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन करून पडला, तर अक्षराची सावली ०.३ भागिले स्पर्शक ६०, म्हणजे सुमारे ०.१७ मिलिमीटर पडते. तोच प्रकाश १५ अंशांनी पडला तर सावली १.१ मिलिमीटर होते, म्हणजे सहापटींहून अधिक. अक्षर झिजून ०.०५ मिलिमीटर उरले असेल तरी ५ अंशांच्या प्रकाशात त्याची सावली अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी पडते आणि डोळ्यांना दिसते. म्हणून खोली अंधारी करा, विजेरी जवळजवळ टेबलाला टेकवून धरा आणि नाणे हळूहळू फिरवा. उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेषा सावली देत नाही. काना एका वेळी दिसेल, शिरोरेषा दुसऱ्या वेळी. म्हणून फिरवणे आवश्यक आहे.

इथे एक गंमत आहे, पण ती फसवीही आहे. आपल्या मेंदूला प्रकाश वरून येतो असे धरून चालायची सवय आहे, कारण सूर्य वर असतो. नाण्याच्या छायाचित्रात प्रकाश खालून आला असेल, तर उठावाची अक्षरे खोलगट भासतात आणि ओरखडा उठावाचा वाटतो! कोणतेही नाण्याचे छायाचित्र उलटे धरून पाहा, म्हणजे खात्री पटेल. अशा वेळी आपली पहिली कसोटी नेमकी उलटी लागते. म्हणून छायाचित्र घेताना प्रकाश नेहमी वरच्या बाजूने, शक्यतो डावीकडून वरून येऊ द्यावा आणि तशी नोंद करावी.

नेमके काय पाहावे?

आम्ही प्रत्येक नाण्याला क्रमांक दिला आणि पुढील गोष्टी वहीत लिहिल्या.

*अक्षरांचे लेखन.* शिवरायांवर ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’, ‘सीव’ अशी निरनिराळी रूपे सापडतात. ‘छत्रपति’ आणि ‘छत्रपती’ असा भेदही आढळतो. याला लगेच चूक म्हणू नका. त्या काळचे रोजचे लिखाण मोडी लिपीत चाले आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नसत. पण प्रकार ओळखायला हा फरक फार उपयोगी पडतो.

*अक्षरांचे वळण.* ‘श्री’ची गाठ, ‘जा’चा पोटभाग, ‘त्र’ची तिरपी रेषा, ‘छ’चा फाटा यांची वळणे पाहावीत. शब्द तेच असले तरी हात वेगळा असतो.

*रेषा आणि ठिपके.* ओळींच्या मध्ये रेषा आहे का, एक की दोन, हे पाहावे. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन समांतर रेषा असलेल्या शिवराईला संग्राहक ‘दुदांडी’ म्हणतात. दुदांडी शिवराई ही उत्तरकालीन आहे. कडेला ठिपक्यांचे वर्तुळ असेल तर ठिपके किती जवळ आहेत, हेही लिहावे.

*चिन्हे आणि आकडे.* काही शिवरायांवर चंद्रकोर, सूर्य, त्रिशूळ यांसारखी लहान चिन्हे असतात. एकोणिसाव्या शतकातल्या काहींवर फसली सनाचे आकडे असतात. दख्खनी फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण मिळतो. उदाहरणार्थ, फसली १२३४ म्हणजे इसवी सन १८२४-२५.

*दोन बाजूंचा मेळ.* दर्शनी बाजू सरळ धरून नाणे उभ्या अक्षाभोवती उलटवा. मागची अक्षरे किती वाजल्याच्या दिशेला उभी आहेत, ते घड्याळाप्रमाणे लिहा. वरचा ठसा हातात धरलेला असल्यामुळे ही दिशा नाण्यागणिक बदलते. खऱ्या-खोट्याचा निवाडा करताना याचा उपयोग होतो. तो पुढे येईलच.

दोन नाणी एकाच ठशाची आहेत असे वाटले, तर नुसत्या नजरेवर विसंबू नका. दोघांची छायाचित्रे सारख्या उंचीवरून, अगदी वरून घ्या. हल्ली मोबाइलचा कॅमेरा यासाठी पुरेसा चांगला असतो. शेजारी पट्टी ठेवायला मात्र विसरू नका. मग अंतरांची गुणोत्तरे काढा. ‘रा’ आणि ‘जा’ यांच्या कान्यांमधले अंतर भागिले कान्याची उंची, असे एक गुणोत्तर घ्या. दोन रेषांमधला एखादा कोनही मोजा. छायाचित्र लहानमोठे झाले तरी गुणोत्तर आणि कोन बदलत नाहीत. अशी चार-पाच मापे जुळली, तर ठसा एकच असण्याचा संभव दांडगा. एकही ठळकपणे चुकले, तर ठसे वेगळे.

तराजू काय सांगतो?

पूर्ण शिवराया बहुधा ८ ते १३ ग्रॅमच्या असतात. ११ ते १३ ग्रॅम वजनाच्या, ठसठशीत आणि रेखीव अक्षरांच्या शिवराया आरंभीच्या काळातल्या मानल्या जातात. पुढच्या काळात वजन उतरलेले दिसते. पण झिजेने आणि गंजाने वजन बदलते. म्हणून एकट्या वजनावरून काळ ठरवू नये. वजन आणि अक्षरांचे वळण ही दोन साक्षीदारांसारखी आहेत. दोघांचे म्हणणे जुळले पाहिजे.

धातू कोणता हे पाहायचे तर घनता काढावी. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. ते इथे एका सोयीच्या रीतीने वापरता येते. इलेक्ट्रॉनिक तराजूवर ऊर्ध्वपातित पाण्याचे चंचुपात्र ठेवा आणि वाचन शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे लोंबकळत धरा. पाणी नाण्याला वर ढकलते, म्हणून नाणेही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. तराजूचे वाचन जितके ग्रॅम वाढेल, तितके घन सेंटिमीटर नाण्याचे आकारमान.

समजा, नाण्याचे वजन ९.६० ग्रॅम आहे आणि वाचन १.०८ ग्रॅम आले. घनता ९.६० भागिले १.०८, म्हणजे ८.८९. शुद्ध तांब्याची घनता ८.९६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, नेहमीच्या पितळेची सुमारे ८.४ ते ८.७. तेव्हा नाणे तांब्याचे असावे.

पण थांबा. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजत असेल, तर खरे वाचन १.०७ ते १.०९ यांच्यामध्ये कुठेही असू शकते आणि घनता ८.८१ ते ८.९७ यांच्यामध्ये येते. तांबे आणि पितळ इथे वेगळे ओळखू येतात. तराजू ०.१ ग्रॅमचाच असेल, तर वाचन १.१ दिसेल आणि खरे उत्तर ८.० पासून ९.६ पर्यंत कुठेही! अशा तराजूने पितळ की तांबे, हे सांगताच येणार नाही. नाण्याला चिकटलेला ०.१ घन सेंटिमीटरचा हवेचा बुडबुडाही तेवढाच घोटाळा करतो. मोजमाप म्हणजे नुसता आकडा नव्हे. तो आकडा किती चुकू शकतो हे सोबत सांगितले, तरच ते मोजमाप.

नाणे पाण्यातून काढताच मऊ फडक्याने टिपून पंख्याखाली पूर्ण वाळवावे. फिकट हिरवी भुकटी सुटत असलेले नाणे तर पाण्यात घालूच नये.

खोटे नाणे

शिवराईला मागणी आहे, म्हणून खोट्या शिवरायाही आहेत. एका खऱ्या नाण्यावरून साचा बनवतात आणि त्यात धातू ओततात. अक्षरे अगदी खरी दिसतात, कारण ती खऱ्यावरूनच आलेली असतात. मग ओळखायचे कसे?

आत्तापर्यंत जे पाहिले त्यावरून तुम्हीच विचार करा. एकाच ठशाच्या दोन खऱ्या नाण्यांत अक्षरे सारखी असतात. पण चकतीचा वेडावाकडा आकार, कडेबाहेर गेलेला भाग आणि दोन बाजूंचा मेळ हे प्रत्येक घावाचे अपघात आहेत. ते सारखे असू शकत नाहीत. ओतलेल्या नाण्यांत मात्र मूळ नाण्याचा अपघातही जसाच्या तसा उतरतो. तेव्हा दोन नाण्यांची कड, कापलेली अक्षरे, ओरखडेसुद्धा जुळले, तर दोन्ही किंवा निदान एक तरी ओतीव असणार. ठसा सारखा असणे ही आनंदाची गोष्ट, पण अपघात सारखा असणे ही संशयाची. शिवाय ओतीव नाण्यावर बुडबुड्यांची बारीक छिद्रे आणि कडेला साच्याच्या सांध्याची रेषा आढळू शकते. घनता पितळेइतकी आली तर संशय बळावतो. मात्र गंजून सच्छिद्र झालेल्या खऱ्या नाण्याचीही घनता कमी भरते. म्हणून एका कसोटीवर निकाल देऊ नये.

डबीतून टांकसाळीकडे

आमच्या २१ शिवरायांची दर्शनी बाजू जुळवून पाहता तीन जोड्या एकाच ठशाच्या निघाल्या. म्हणजे आम्हांला १८ निरनिराळे ठसे दिसले. आता प्रश्न असा, की ही नाणी ज्या चलनातून आली, त्यात एकूण ठसे किती असावेत?

असा विचार करा. २१ नाण्यांतून दोन-दोनच्या जोड्या २१ गुणिले २० भागिले २, म्हणजे २१० होतात. एकूण ठसे ‘ठ’ असतील आणि प्रत्येकाची नाणी सारख्याच संख्येने असतील, तर कोणतीही एक जोडी एकाच ठशाची असण्याची शक्यता एकास ‘ठ’ एवढी असते. तेव्हा जुळणाऱ्या जोड्या साधारण २१० भागिले ‘ठ’ असाव्यात. आम्हांला ३ मिळाल्या. म्हणून ‘ठ’ सुमारे ७०.

हा अंदाज ढोबळ आहे. काही ठसे लवकर तुटत, काही खूप टिकत. एका घरातली नाणी ही चलनाची निवड न करता घेतलेली वानगी असेलच असेही नाही. तरी एवढे कळले, की एका आजीच्या डबीतल्या १८ ठशांमागे निदान काही डझन न पाहिलेले ठसे आहेत. ते कुठे आहेत? आणखी कोणाच्या तरी देव्हाऱ्यात, उतरंडीत, ट्रंकेत. एकेक डबी मोडीत गेली की तेवढी पाने फाटतात.

घासू नका!

शेवटी एक कबुली. मी सहावीत असताना मला घरात एक शिवराई मिळाली होती. वर्गात दाखवायची म्हणून मी ती चिंच आणि राखेने घासून लखलखीत केली. घासण्यापूर्वी तिच्या खालच्या कडेला दोन आकडे पुसटसे दिसत होते. घासल्यावर ते गेले. ते कोणते होते, हे आज मला आठवत नाही आणि आता जगातली कोणतीही प्रयोगशाळा ते परत आणू शकत नाही.

तांब्यावरचा काळा, तांबूस आणि हिरवा थर म्हणजे तांब्याची ऑक्साइडे आणि कार्बोनेटे. नाण्याच्या वरच्या पातळ थरातले तांबेच त्यात गेलेले असते आणि अक्षरांची शेवटची ठेवण त्या थरातच उरलेली असते. चिंचेतले आम्ल तो थर विरघळवते आणि राख उरलेसुरले खरवडते. म्हणून नाणे धुळीपुरते मऊ कुंचल्याने झटका, कडेने धरा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर क्रमांक, वजन व कोठे मिळाले ते लिहा. ‘कोठे मिळाले’ ही नोंद सर्वांत मोलाची आहे.

नाणी घरातली नसून जमिनीत सापडली असतील, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कायदा बाजूला ठेवला तरी ते शहाणपणाचेच आहे, कारण नाणी कोणत्या थरात, कशासोबत होती हे जाणकारांनी पाहिले तरच त्यांचा काळ ठरतो. आपल्या जिल्ह्यात नगरला ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली नाणकशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली. मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाणी यांवरचा माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मोठा ग्रंथ याच संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

त्या मुलाची नाणी मोडीत गेली नाहीत. वाटणी झालीच, पण त्याआधी त्याने २७ ही नाण्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजने आणि क्रमांक वहीत नोंदले. नाणी आज तीन घरांत आहेत आणि वही एक आहे. “चुलत्यांना काय सांगितलेस?” असे मी विचारले. तो म्हणाला, “एवढेच सांगितले, की एकसारखी दोनही नाहीत.”

करून पाहा

तुमच्याकडे शिवराई नसेल तरी अडत नाही. घरातली एक रुपयाची वीस नाणी घ्या आणि सालाच्या खाली भिंगातून पाहा. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. टांकसाळ आणि साल यांचा तक्ता करा. मग वर्गातल्या सर्वांचे तक्ते एकत्र करून आपल्या गावात कोणत्या टांकसाळीची नाणी जास्त फिरतात, ते काढा. कोणत्या नाण्यावर कोणता फरक ठशाचा आणि कोणता झिजेचा, हेही प्रत्येकाने आपल्या वहीत लिहावे.